आवाज कुठला, किती? सोळा माइकचा ॲरे आणि मीटरचा ताळा

ठाणे-बेलापूर रोडच्या एका बाजूला टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आणि डेटा सेंटर, दुसऱ्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या सोसायट्या. मधे रस्ता आणि ट्रान्स-हार्बरचे रूळ. वागळे इस्टेटमध्ये तेवढंही अंतर नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून बिल्डिंग उभी असते. रात्रीच्या आवाजाची तक्रार आली की साउंड लेव्हल मीटर लावतात आणि आकडा मिळतो. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल-ए (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजलेलं) ही मर्यादा. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. बेडरूमच्या खिडकीशी ५८ आले तर मर्यादा ओलांडली, एवढं कळलं. पण समोरच्या गच्चीवर चार एक्झॉस्ट फॅन, दोन कूलिंग टॉवर, एक डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि शेडमध्ये कॉम्प्रेसर असेल, तर त्यातला नेमका कोण हे मीटर सांगत नाही. त्यासाठी मायक्रोफोन ॲरे, म्हणजे ठरावीक मांडणीत बसवलेल्या अनेक माइकांचा संच.

घोटाळाही तिथेच होतो. ॲरे फोटोवर लाल-पिवळा डाग काढून देतो, सगळे त्या डागाकडे बोट दाखवतात, कॉन्ट्रॅक्टर तिथे पॅनेल ठोकतो आणि आवाज एका डेसिबलनेही उतरत नाही. डाग खरा की खोटा हे तपासायच्या पद्धती आहेत, अवघडही नाहीत. रिपोर्टमध्ये मात्र त्या क्वचित दिसतात. चित्राचा मीटरशी ताळा जमल्याशिवाय चित्रावर पैसे खर्च करू नयेत, हे माझं ठाम मत आहे, आणि पुढचं सगळं त्यासाठीच.

व्यास आधी ठरवा, माइक नंतर मोजा

तत्त्व साधं आहे. आवाज प्रत्येक माइकपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचतो. ६० सेंमी व्यासाचा ॲरे असेल आणि स्रोत ३० अंश बाजूला असेल, तर दोन टोकांच्या माइकांपर्यंतच्या वाटेत ३० सेंमीचा फरक पडतो, म्हणजे ०.८६ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला ती ४१ सॅम्पल होतात. सॉफ्टवेअर समोरच्या पृष्ठभागावर काल्पनिक जाळी आखतं, जाळीच्या एकेका बिंदूसाठी सोळाही सिग्नल योग्य तेवढे सरकवून बेरीज करतं, आणि ज्या बिंदूला ते एकमेकांवर नीट बसतात तिथे बेरीज मोठी येते. यालाच बीमफॉर्मिंग म्हणतात. बिलिंग्स्ले आणि किन्स यांनी १९७६ मध्ये जेट इंजिनाच्या आवाजाचे स्रोत शोधायला हीच युक्ती वापरली होती.

आता ज्या सूत्राकडे खरेदी करताना बघितलं जात नाही ते. दोन स्रोत वेगळे दिसायला त्यांच्यात किमान १.२२ × तरंगलांबी × अंतर ÷ ॲरेचा व्यास एवढं अंतर हवं. आपल्याकडच्या हवेत आवाजाचा वेग साधारण ३५० मीटर प्रति सेकंद धरू. ६० सेंमीचा ॲरे, स्रोत २ मीटरवर: ४ किलोहर्ट्झला ३६ सेंमी, १ किलोहर्ट्झला १.४ मीटर आणि २५० हर्ट्झला ५.७ मीटर. म्हणजे २५० हर्ट्झला अख्खी शेडच लाल. माइक सोळाचे चौसष्ट केले तरी हा आकडा बदलत नाही. तो व्यासाने बदलतो. स्क्रीनवर चित्र कितीही गुळगुळीत दिसो, तो गुळगुळीतपणा जाळी बारीक केल्याचा असतो.

माइकांची संख्या कामाला येते ती दुसरीकडे. सोळा माइकांची बेरीज केली की प्रत्येक माइकचा स्वतःचा खरखराट सिग्नलच्या तुलनेत १२ डेसिबल खाली जातो. बाजूचे खोटे झोतही (स्रोत नसलेल्या जागी उमटणारे डाग) सरासरीने साधारण तेवढेच खाली असतात, आणि त्यातले काही उंच झोत त्याहून बरेच वर. म्हणून सोळा माइकच्या चित्राची रंगपट्टी वरच्या ६ ते ८ डेसिबलपुरतीच ठेवावी. २० डेसिबलची रंगपट्टी लावून काढलेलं सोळा माइकचं चित्र दिसलं की त्यातले निळे-हिरवे ठिपके मनातून पुसून टाका.

तयार बोर्डांमध्ये मिनीडीएसपीचा यूएमए-१६ सहज वापरता येतो: चार बाय चारची चौकट, ४२ मिमी अंतर, थेट यूएसबीवर. शिकायला उत्तम. पण १ किलोहर्ट्झला २ मीटरवरचा त्याचा डाग ४ मीटरहून रुंद असतो. शिवाय चौकटीत अंतरं पुन्हा पुन्हा तीच येतात, त्यामुळे ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वर एका स्रोताची हुबेहूब दुसरी प्रत उमटते. तरंगलांबीच्या अर्ध्याहून माइकांमधलं अंतर जास्त झालं की हा धोका सुरू होतो. ४२ मिमीला ते ४.१ किलोहर्ट्झच्या आसपास. स्रोत आणि चित्र दोन्ही समोरच्या ±३० अंशांत असतील तर ८ किलोहर्ट्झपर्यंत प्रत चित्राबाहेर राहते. मात्र चित्राबाहेरच्या एखाद्या जोरदार स्रोताची प्रत आत येऊन बसू शकते, आणि ती ओळखणं फार कठीण जातं.

स्वतः बांधायचा असेल तर सर्पिल मांडणी घ्या. क्रमांक १ ते १६. प्रत्येक माइकची केंद्रापासूनची त्रिज्या ७.५ सेंमी × क्रमांकाचं वर्गमूळ, आणि कोन १३७.५ अंश × क्रमांक. पहिला ७.५ सेंमीवर, चौथा १५ वर, नववा २२.५ वर, सोळावा ३० वर. कुठल्याच दोन जोड्यांचं अंतर आणि दिशा सारखी येत नाही, त्यामुळे खोटी प्रत एका जागी उभी न राहता पार्श्वभूमीत विखुरते. मधला मोकळा भाग कॅमेऱ्यासाठी आपोआप सुटतो.

बांधणीत काय बिघडतं

लॅमिंग्टन रोडवर आयएनएमपी४४१ चिप असलेले छोटे आयटूएस (डिजिटल सिग्नल देणारे) माइक मिळतात, स्वस्त असतात आणि काम देतात. त्यांचा माइक बोर्डच्या खालच्या भोकातून ऐकतो. ते भोक स्रोताकडे असलं पाहिजे आणि त्याच्यापुढे प्लायमधली लांब नळी नको. नळीची स्वतःची घुमणूक वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये फेज, म्हणजे लहरीची वेळ, बिघडवते. १२ मिमी प्लायला भोक पाडलंत तर ते समोरून फनेलसारखं रुंद करा. ग्लू गनचा गोंद भोकात गेला तर तो माइक संपला. सोल्डरिंगनंतर आयपीएने (सफाईच्या अल्कोहोलने) बोर्ड धुणं किंवा एअर गनने फुंकणं या वर्कशॉपमधल्या चांगल्या सवयी इथे माइकचा पडदा फाडतात. पावसाळ्यासाठी भोकावर बारीक जाळी आणि वरून फोम.

एका डेटा लाइनवर दोन माइक बसतात, एक डावा एक उजवा. एल-आर पिन एकाची ग्राउंडला, दुसऱ्याची ३.३ व्होल्टला. सोळा माइकांना आठ लाइन. ४८ किलोहर्ट्झला बिट क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ असतो आणि तो ३०-४० सेंमी साध्या वायरवरून नेला की कडा थरथरतात. मग अधूनमधून एखाद्या चॅनलवर टिकटिक ऐकू येते. क्लॉकसाठी बफर आयसी, सुरुवातीला ३३ ते ४७ ओहमचा रेझिस्टर, प्रत्येक क्लॉक वायरबरोबर ग्राउंडची वायर पिळून, प्रत्येक माइकशेजारी ०.१ मायक्रोफॅरड आणि डेटा लाइनवर १०० किलोओहम पुलडाउन, एवढ्याने ती जाते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आठ-आठ चॅनलची दोन यूएसबी कार्डं एकत्र वापरणं. प्रत्येकाचा क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ, वेगळा. दोघांत फक्त २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस) फरक असला तरी दर सेकंदाला २० मायक्रोसेकंदांची तफावत साठत जाते, आणि ४ किलोहर्ट्झला ती सेकंदाला २९ अंशांची फेज झाली. सहा-सात सेकंदांत दोन्ही अर्धे एकमेकांच्या विरुद्ध. रेकॉर्डिंग ऐकायला अगदी स्वच्छ वाटतं, चित्र मात्र निरर्थक. सोळाही चॅनल एकाच क्लॉकवर हवेत, यात तडजोड नाही.

फळी की मोकळी चौकट, हा प्रश्न नेहमी येतो. माइक फळीच्या पृष्ठभागाशी सपाट बसवलेत तर दाब दुप्पट होतो, म्हणजे आकडा ६ डेसिबल वाढतो, आणि हे गणितात धरता येतं. पातळ ॲल्युमिनियमच्या मोकळ्या चौकटीत ही वाढ जवळपास नसते. फळीपासून २-३ सेंमी पुढे काढलेले माइक मात्र दोन्हीकडून नुकसान करतात: सरळ आलेला आणि फळीवरून परतलेला आवाज काही फ्रिक्वेन्सींना एकमेकांना खातो.

बांधून झाल्यावर पहिली तपासणी पेन्सिलने. एकेका माइकच्या शेजारी हळूच टकटक करा आणि कुठला चॅनल उडतो ते पाहा. दोन चॅनलांची अदलाबदल झालेली असते, असं बऱ्याचदा निघतं. मग छोटा एकच कोन असलेला स्पीकर घ्या. टू-वे नको, कारण त्यात वूफर आणि ट्वीटरच्या जागा वेगळ्या असल्याने फ्रिक्वेन्सी बदलली की डागही सरकतो. स्पीकर २ मीटरवर, पण केंद्रात नाही. ५० सेंमी उजवीकडे आणि ३० सेंमी वर. केंद्रात ठेवला तर उलटसुलट अक्ष, चुकीचे चॅनल, सगळं लपून जातं. पांढरा नॉइज लावून १, २, ४, ८ किलोहर्ट्झला डाग त्याच जागी येतो का पाहा. वरच्या फ्रिक्वेन्सीला डाग फुटत असेल तर माइकांच्या जागा चुकल्यात: ८ किलोहर्ट्झला तरंगलांबी ४४ मिमी, तिथे ३ मिमीची चूक जाणवते. जागा फूटपट्टीने नाही, कटिंगच्या ड्रॉइंगमधून घ्या. आयएनएमपी४४१ च्या संवेदनशीलतेत माइकागणिक ±३ डेसिबलपर्यंत फरक असू शकतो, तो याच वेळी चॅनलवार दुरुस्त करून फाइलमध्ये ठेवा.

साइटवर

तापमान मोजा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३६ अंश असतात तेव्हा वेग ३५३, जानेवारीच्या पहाटे २० अंशांना ३४३. सॉफ्टवेअरमध्ये ३४३ तसाच राहिला तर केंद्रातला डाग हलत नाही, पण ३ मीटरवर ३० अंश बाजूचा डाग सुमारे ७ सेंमी सरकतो. आपल्या दमट हवेने वेगात दीड-दोन मीटरची भर पडते, तीही घाला. अंतर लेझर मीटरने घ्या. फोकस चुकला की डाग पसरतो आणि आकडा खाली येतो.

१०२४ सॅम्पलचे तुकडे, निम्मे एकमेकांवर, २० सेकंद: साधारण १८७५ तुकड्यांची सरासरी मिळते, ती पुरते. माइकांच्या जोड्यांचं जे मॅट्रिक्स तयार होतं त्याचा कर्ण काढून टाका. प्रत्येक माइकचा स्वतःचा आणि वाऱ्याचा खरखराट तिथेच साठतो. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातून आलेली अकुलर ही पायथन लायब्ररी हे सगळं करते आणि फुकट आहे. खाडीकडून दुपारी वारा सुटतो, तो सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की थांबावं. रात्री लोकल बंद असतात ते दोन-तीन तास सर्वांत चांगले. मात्र पावसाळ्यात येऊर किंवा पारसिकच्या बाजूला रातकिडे वरच्या फ्रिक्वेन्सी व्यापून टाकतात आणि ॲरे इमानाने झुडपांवर लाल डाग दाखवतो. तो पट्टा वगळून चित्र काढा.

परावर्तन हा खरा शत्रू. सिमेंटची जमीन, जीआय पत्रा, समोरच्या टॉवरची काच, सगळे आरसे. मशीनखाली जमिनीत तेवढ्याच खोलीवर दुसरा डाग दिसला तर ती मशीनची प्रतिमा आहे, बेअरिंग नाही. घोडबंदर रोडच्या समोरासमोरच्या टॉवरांत बाथरूमच्या डक्टमध्ये लावलेल्या पंपाचा आवाज डक्टच्या तोंडाशी दिसतो. ॲरेला भिंतीआडचं दिसत नाही, आवाज बाहेर पडतो ती जागा दिसते. खरं-खोटं करायला ॲरे ५० सेंमी बाजूला आणि ५० सेंमी वर नेऊन पुन्हा मोजा. खरा स्रोत त्याच नटबोल्टवर चिकटून राहतो. प्रतिमा फोटोत सरकते. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे संशयित जागेवर जाड गादी धरणं: १ किलोहर्ट्झच्या वर डाग तिथेच विझला पाहिजे. एकाच फॅनची दोन तोंडं असतील तर आणखी एक गुंता होतो. दोन्हींचा आवाज एकाच मुळाचा असल्याने साधं बीमफॉर्मिंग कधी दोघांच्या मधेच डाग काढतं, आणि सिज्त्समा यांची २००७ ची क्लीन-एससी पद्धत, जी एरवी चित्र फार छान साफ करते, ती दोघांना एक समजून कमजोर तोंड पुसून टाकते. तिथे एक तोंड बंद करून मोजण्याला पर्याय नाही.

हवेची गळती हा वेगळा, सुखाचा प्रकार. तिचा फुसफुसाट २० ते ४० किलोहर्ट्झपर्यंत जातो, तिथे मशीनचा गोंगाट फारसा नसतो आणि तरंगलांबी सेंटिमीटरभर, म्हणून तळहाताएवढा ॲरेही बोटाएवढी जागा दाखवतो. पण त्याला १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग आणि अल्ट्रासॉनिक ऐकणारे माइक हवेत. वरचा सोळाचा संच २४ किलोहर्ट्झच्या पुढे बहिरा आहे. ७ बारच्या लाइनला ३ मिमीचं एक छिद्र म्हणजे कॉम्प्रेसरवर सुमारे ३ किलोवॅटचा कायमचा भार. डेसिबलवरून लिटर काढणारी जी सोय कॅमेऱ्यात असते ती फक्त अंदाज समजावी. एकूण गळती मोजायला सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो ते घड्याळाने मोजा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, ही गळतीची टक्केवारी.

ताळा

चित्रातला आकडा हा त्या बिंदूकडून ॲरेपर्यंत पोचलेला दाब असतो. तो १ मीटरवर आणायचा तर अंतराप्रमाणे भर घालावी लागते, ३ मीटरला ९.५ डेसिबल. पण अख्खा पत्रा थरथरत असेल तर नुसत्या शिखराचा आकडा घेऊन चालत नाही, त्या भागावरची पूर्ण बेरीज घ्यावी लागते; नाहीतर १ आणि ४ किलोहर्ट्झचे आकडे एकमेकांशी ताडताच येणार नाहीत. ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर या छोट्या माइकांवर हवाबंद बसत नाही. म्हणून कॅलिब्रेट केलेला मीटर ॲरेच्या शेजारी, त्याच उंचीवर उभा करा आणि त्याच २० सेकंदांत त्याचं ऑक्टेव्ह-पट्ट्यांतलं (फ्रिक्वेन्सीच्या गटांनुसार) रीडिंग घ्या. चित्रातल्या सगळ्या भागांची ऊर्जेने बेरीज त्या पट्ट्यात मीटरच्या २-३ डेसिबलच्या आत आली पाहिजे. चित्राची बेरीज ५४ आणि मीटर ६१ म्हणत असेल, तर बहुतेक आवाज चित्राबाहेरून किंवा चारी बाजूंनी घुमून येतोय. ॲरे वळवा, मागे बघा. हा एक ताळा बहुतेक चुकीची पॅनेलं वाचवतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांना एक हिशेब आधीच सांगून ठेवावा. तीन सारखे स्रोत असतील आणि एक पूर्ण बंद केला, तर आकडा फक्त १.८ डेसिबलने उतरतो. तिन्ही हाताळावे लागतात.

आता राहिला खालचा आवाज, ज्यासाठी लोक रात्रभर जागे असतात आणि जिथे ॲरे आंधळा आहे. १४४० आरपीएमचा, आठ पात्यांचा एक्झॉस्ट फॅन १९२ हर्ट्झला गुणगुणतो, तरंगलांबी १.८ मीटर. ६० सेंमीच्या ॲरेने ५ मीटरवरून दोन फॅन वेगळे करायला त्यांच्यात १८ मीटर अंतर हवं. इथे जागा शोधणं सोडा, फ्रिक्वेन्सी शोधा. इंडक्शन मोटरची स्लिप (ठरलेल्या वेगाहून ती जेवढी मागे राहते ते) लोडप्रमाणे बदलते, म्हणून एकाच मॉडेलचे दोन फॅनही नेमके एका वेगाने फिरत नाहीत. एक १४४० ला, दुसरा १४५२ ला असेल तर त्यांचे सूर १९२.० आणि १९३.६ हर्ट्झ, आणि वरच्या मजल्यावर सेकंदाला दीडेक वेळा होणारी ‘वुंव-वुंव’ ऐकू येते ती याच १.६ हर्ट्झच्या फरकाची. रहिवाशाच्या खिडकीत एकच माइक ठेवून १० सेकंदांचा सलग एफएफटी (आवाजाची फ्रिक्वेन्सींत फोड) घेतला की ०.१ हर्ट्झपर्यंत फोड होते आणि आलेखावर दोन्ही सुया वेगळ्या उभ्या राहतात. त्याच वेळी गच्चीवर एकाने टॅकोमीटरने चारही फॅनचे आरपीएम लिहून घ्यायचे. आरपीएम × ८ ÷ ६०, आणि कुठली सुई कुणाची ते ठरलं. बरोबर १०० हर्ट्झला सुई असेल तर फॅन सोडा आणि ट्रान्सफॉर्मर बघा.

फॅन बंद करता येत असेल तर खिडकीतला मीटर चालू-बंद दोन्ही स्थितीत वाचा: चालू ६२, बंद ५८, तर त्या फॅनचा वाटा ५९.८. दोन रीडिंगमध्ये ३ डेसिबलहून कमी फरक असेल तर ही वजाबाकी वापरू नका. प्रोसेसमुळे बंद करता येत नसेल आणि फॅन व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल, तर ऑपरेटरला ५० चे ४९ हर्ट्झ करायला सांगा. खिडकीतली सुई १९२ वरून १८८ च्या जवळ सरकली तर तोच फॅन. जागची हलली नाही तर पुढच्या फॅनचा व्हीएफडी घ्या.